टोकामॅकमध्ये इंधन भरतात कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीची बहुतेक वर्षं निर्वात पंप आणि वायूच्या झडपा यांच्या संगतीत गेली. फोंड्याला परतल्यापासून कुठल्या ना कुठल्या शाळेत, वाचनालयात संमीलन ऊर्जेवर, म्हणजे हलके अणू एकत्र जोडून मिळणाऱ्या ऊर्जेवर बोलायला बोलावतात. सभागृहात सगळे पंधरा कोटी अंश तापमानाबद्दल विचारतात. घरी गेल्यावर मात्र जे प्रश्न पाठवतात ते वेगळे असतात: आत घालतात काय, कुठून घालतात, संपलं की पुढे काय? मला हेच प्रश्न जास्त आवडतात. तापवायचं तंत्र बऱ्यापैकी हाताशी आलं आहे. भरणं आणि उपसणं अजून पुरतं जमलेलं नाही. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र करतो आहे.

१. टोकामॅकचं इंधन म्हणजे नेमकं काय? ते टाकीत साठवलेलं असतं का?

टोकामॅक म्हणजे मेदूवड्याच्या आकाराचं निर्वात पात्र, भोवती चुंबक. त्यात हायड्रोजनचे दोन जड भाऊ घालतात: ड्युटेरियम आणि ट्रिटियम. ड्युटेरियम मिरामारच्या समुद्रातही आहे. पाण्यातल्या सुमारे ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियमचा असतो, म्हणजे घनमीटरभर पाण्यात साधारण ३३ ग्रॅम. ते वेगळं काढायची विद्या आपल्याकडे आहेच. रायगड जिल्ह्यात थळला जड पाण्याचा कारखाना आहे.

ट्रिटियमचं दुखणं वेगळं. ते किरणोत्सारी आहे, १२.३ वर्षांत निम्मं होतं, त्यामुळे निसर्गात साठून राहत नाही. उद्याच्या भट्टीला ते स्वतःच्या भिंतीतल्या लिथियमपासून तयार करावं लागेल. बाहेरच्या बाजूला साठा असतोच, पण पात्रात ‘टाकी भरून’ काही नसतं. किती असतं ते पुढच्या उत्तरात.

२. एका वेळी आत किती इंधन असतं?

अर्ध्या ग्रॅमहून कमी. हे ऐकून लोक हसतात, म्हणून हिशेबच देतो. दक्षिण फ्रान्समध्ये कादाराश इथे उभ्या राहणाऱ्या ईटर या यंत्रात प्लाझ्माचं (इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या तप्त वायूचं) आकारमान सुमारे ८३० घनमीटर. दर घनमीटरमध्ये साधारण एकावर वीस शून्यं इतके आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू. ड्युटेरियम-ट्रिटियमचं सरासरी वस्तुमान धरून गुणाकार केला की उत्तर येतं ०.३५ ग्रॅमच्या आसपास. आपण श्वासात घेतो ती हवा याच्या अडीच लाख पट दाट आहे. तरी तापमान एवढं प्रचंड की सरासरी दाब दोन-तीन वातावरणांइतका भरतो.

३. मग सेकंदाला किती जळतं, आणि उरलेल्याचं काय होतं?

ईटरचं उद्दिष्ट ५०० मेगावॅट संमीलन शक्तीचं आहे. त्यासाठी सेकंदाला फक्त ०.९ मिलिग्रॅम ट्रिटियम आणि ०.६ मिलिग्रॅम ड्युटेरियम जळायला हवं. इंग्लंडमधल्या कलहॅमच्या जेट यंत्राने २०२३मध्ये ६९ मेगाजूल ऊर्जेचा विक्रम केला तो ०.२ मिलिग्रॅम इंधनावर.

अडचण अशी की आत सोडलेल्या शंभर अणूंपैकी एकसुद्धा धड जळत नाही. बाकीचे तसेच बाहेर येतात. म्हणजे मिलिग्रॅम जाळायला त्याच्या शेकडो पट इंधन सतत फिरवत ठेवायचं: आत घाला, बाहेर ओढा, शुद्ध करा, पुन्हा घाला. शुद्ध करायची एक पद्धत तर गोंयकारांच्या ओळखीची आहे. हुर्राक काढतात आणि मग त्याचीच पुन्हा भट्टी लावून फेणी काढतात, तसंच इथे हायड्रोजनच्या भावंडांचं ऊर्ध्वपातन करतात. फरक तापमानाचा. साधा हायड्रोजन उकळतो २०.३ केल्विनला, ड्युटेरियम २३.७ला, ट्रिटियम २५ला. उण्या अडीचशे अंशांच्या आसपास लावलेली भट्टी म्हणायची.

४. झडप उघडून वायू सोडला की झालं. इतकं साधं का नाही?

लहान यंत्रात बरंचसं तेवढंच आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतला ‘आदित्य’ १९८९मध्ये सुरू झाला. त्याच्या प्लाझ्माची त्रिज्या पाव मीटर. अशा ठिकाणी विद्युतदाब दिल्यावर किंचित वाकणाऱ्या स्फटिकाची झडप मिलिसेकंदांत उघडते-मिटते आणि सोडलेला वायू बऱ्यापैकी आत पोचतो.

वायूचा अणू उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेला असतो, म्हणून चुंबकीय क्षेत्र त्याला अडवत नाही. तो आत शिरतो, गरम इलेक्ट्रॉन त्याला धडकतो, अणूचा आयन होतो, आणि त्या क्षणापासून तो चुंबकीय रेषेला बांधला जातो. प्रश्न एवढाच की हे कुठे घडतं. ईटरसारख्या यंत्रात काठच इतका तप्त आणि दाट असेल की बहुतेक अणू मुख्य प्लाझ्माच्या सीमेबाहेरच आयन होतील आणि थेट पंपाकडे वाहून जातील. काही अणू आपला इलेक्ट्रॉन बदलून थोडे आतवर घुसतात, पण त्यावर दोन मीटर त्रिज्येचा प्लाझ्मा पोसता येत नाही. म्हणून मग गोळी.

५. गोठवलेल्या गोळ्या मारतात म्हणे! बर्फ पंधरा कोटी अंशांत टिकतो कसा?

टिकत नाही, पण अपेक्षेपेक्षा जास्त वेळ घेतो, आणि तेवढ्यावरच सगळं चालतं.

ड्युटेरियम १८.७ केल्विनच्या खाली घट्ट होतो. त्याची कांडी करून मिलिमीटरभर ते काही मिलिमीटर लांबीचे तुकडे कापतात आणि वायूच्या दाबाने किंवा गरगर फिरणाऱ्या चक्राने भिरकावतात. साध्या वायू-बंदुकीतून ताशी नव्हे, सेकंदाला किलोमीटरभर वेग मिळतो.

आता तव्याकडे बघा. आंबोळीचा तवा नीट तापला की नाही हे बघायला पाणी शिंपडतो. फारच तापला असेल तर थेंब चुरचुरून नाहीसा न होता तुरुतुरु पळत सुटतो, कारण त्याच्याखाली त्याच्याच वाफेची गादी तयार झालेली असते. गोळीचं थोडंबहुत तसंच. पृष्ठभागावरून उडालेला वायू तिच्याभोवती दाट आवरण धरतो, बाहेरच्या गरम इलेक्ट्रॉनांची ऊर्जा त्या आवरणातच खर्च होते. आतल्या बर्फापर्यंत त्यातला अगदी थोडा भाग पोचतो. १९७८मध्ये पार्क्स आणि टर्नबुल यांनी मांडलेलं या आवरणाचं गणित आजही वापरतात. तव्याची उपमा एका जागी लंगडी पडते: तिथे थेंब वाफेवर तरंगतो, इथे गोळी चहूबाजूंनी झाकलेली असते.

६. गोळी जितकी वेगवान तितकी आत जाणार. मग ईटरची गोळी सेकंदाला फक्त ३०० मीटर का?

हा प्रश्न म्हापशाच्या एका अकरावीतल्या मुलीने पाठवला होता. उत्तर लिहायला मला दोन दिवस लागले.

गोळी विरघळली की तिच्या जागी थंड, दाट प्लाझ्माचा ढग उरतो. वड्याच्या भोकाकडच्या बाजूला चुंबकीय क्षेत्र जोरकस, बाहेरच्या कडेला कमजोर. या फरकामुळे ढगातले आयन एका दिशेला, समजा वर, आणि इलेक्ट्रॉन उलट दिशेला, खाली सरकतात. भार वेगळे झाले की विद्युत क्षेत्र तयार होतं, आणि ते क्षेत्र चुंबकीय क्षेत्राच्या साथीने अख्ख्या ढगाला बाहेरच्या कडेकडे ढकलतं. तुम्ही बाहेरून गोळी मारलीत तर ढग आल्या वाटेने परत. केवढीही वेगवान असो, माल दारातच सांडला.

तीच गोळी भोकाकडच्या बाजूने मारली तर? तोच धक्का ढगाला मध्याकडे नेतो. जर्मनीत गार्शिंगच्या अस्डेक्स अपग्रेड यंत्रावर १९९७मध्ये हे करून दाखवलं: आतल्या बाजूने आलेल्या गोळीचं इंधन बाहेरून आलेल्या गोळीपेक्षा बरंच खोल गेलं आणि जास्त टिकलं.

पण आतल्या बाजूला बंदूक ठेवायला जागाच नसते. वाकड्या नळीतून गोळी वळवत न्यावी लागते. ड्युटेरियमचा बर्फ ठिसूळ. वळणावर जास्त वेगाने आदळला की चुरा. म्हणून ३०० मीटरची मर्यादा. समोरच्या दाराने धावत जाण्यापेक्षा मागच्या दाराने हळू गेलेलं बरं, असा हा हिशेब आहे. तरीही ईटरच्या गोळ्या गाभ्यापर्यंत पोचणार नाहीत. काठापासून थोड्या आत माल टाकतील, पुढचं काम प्लाझ्माने करायचं (प्रश्न ९).

७. उदासीन कणांच्या झोताने तापवतात, त्यातून इंधनही मिळतं ना?

मिळतं, नगण्य. ईटरचे झोत १० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचे, एकूण ३३ मेगावॅटचे. भागाकार केला तर सेकंदाला दोनावर वीस शून्यं इतके अणू. इंधन-व्यवस्थेची कमाल क्षमता याच्या शेकडो पट. जुन्या, लहान यंत्रांत मात्र झोतांचा इंधनातला वाटा डोळ्यांत भरण्याजोगा असे. चीनमध्ये विकसित झालेली ध्वनीहून वेगवान वायूझोताची युक्ती झडप आणि गोळी यांच्या मधली समजा.

८. चुंबकाने बांधलेला कण बाहेर निसटतोच कसा?

एकट्या कणाला सोडलं तर तो रेषेभोवती घिरट्या घालत बसेल. टक्कर झाली की त्याची रेषा बदलते, एका घिरटीच्या रुंदीएवढी. ही गळती इतकी मंद की तेवढीच असती तर संमीलन भट्ट्या कधीच उभ्या राहिल्या असत्या.

वड्याच्या आकाराने पहिला घोळ होतो. बाहेरच्या कमजोर क्षेत्रातले काही कण आतल्या जोरकस क्षेत्रापर्यंत पोचू शकत नाहीत, वाटेतून परत फिरतात. त्यांच्या ये-जा करणाऱ्या वाटेचा छेद काढला तर तो केळ्यासारखा दिसतो, आणि नावही तेच पडलं आहे, ‘केळी-कक्षा’. मोयऱ्याच्या केळ्यासारखी भली रुंद. टक्कर झाली की आता उडी केळ्याच्या रुंदीची.

दुसरा घोळ याहून मोठा: खळबळ. गाभा तप्त, काठ थंड. हा उतार एका मर्यादेपलीकडे तीव्र झाला की प्लाझ्मात भोवरे उठतात आणि कण व उष्णता दोन्ही बाहेर वाहून नेतात. प्रत्यक्ष गळती बहुतांशी या भोवऱ्यांची असते. ईटरमध्ये उष्णता धरून ठेवायचा काळ ३.७ सेकंदांच्या आसपास धरला आहे. कणांचा हिशेब याहून किचकट, कारण भिंत मध्ये येते (प्रश्न १०).

९. पाणी उताराकडे वाहतं. मग गाभ्यात इंधन न टाकताही तिथेच घनता जास्त कशी?

निव्वळ विसरण (दाटीकडून विरळ जागी पसरणं) असतं तर काठाला टाकलेलं इंधन आतपर्यंत एकसारखं पसरलं असतं, मध्ये उंचवटा आलाच नसता. प्रयोगांत मात्र उंचवटा दिसतो. म्हणजे विसरणाबरोबर आत ओढणारा दुसरा प्रवाहही आहे. दोघांची बेरीज शून्य होते तिथे घनतेचा आकार ठरतो.

याचं एक कारण वेअर यांनी १९७०मध्ये सांगितलं. प्लाझ्मात प्रवाह चालवणारं विद्युत क्षेत्र केळी-कक्षेतल्या कणांना हळूहळू आत सरकवतं. मोठ्या यंत्रांत हा परिणाम अपुरा पडतो. तिथे खळबळ स्वतःच कणांना आत ओढते. हो, तीच खळबळ जी बाहेर फेकते. उष्णतेच्या आणि क्षेत्राच्या उतारांमुळे भोवऱ्यांची देवाणघेवाण एकतर्फी होते. अस्डेक्स अपग्रेड आणि जेट दोन्हीकडे दिसलं की टकरा जितक्या विरळ, तितका हा उंचवटा ठळक. ईटरमध्ये टकरा विरळच असणार, म्हणून काठाला टाकलेल्या गोळ्यांवर भागेल अशी आशा आहे. मला स्वतःला ही आशा थोडी धाडसाची वाटते, पण पुरावा तिच्याच बाजूचा आहे. या उंचवट्याची किंमत प्रश्न १२मध्ये.

१०. झडप बंद केली तरी घनता वाढतच राहते, असं वाचलं. इंधन येतं कुठून?

भिंतीतून. आपल्या चिऱ्याच्या घरांची भिंत आठवा. चार महिने पाऊस पिते आणि पाऊस थांबल्यावरही दमट राहते. टोकामॅकची भिंतही बाहेर पडलेले कण पिते आणि नंतर ओकते. बाहेर पडलेल्या शंभरातले बहुतेक असे परत येतात, म्हणून कणाचा ‘मुक्काम’ कागदावरच्यापेक्षा कितीतरी लांबतो. भिंत कोरडी असेल तर घनता तुमच्या झडपेच्या हातात. भिंत तुडुंब भरली असेल तर भिंतीच्या हातात.

मी होतो तिथे एकदा भर जुलैत दुरुस्तीसाठी पात्र उघडलं, आणि घाईत भिंत पुरेशी न भाजताच यंत्र चालू केलं. पहिले काही प्रयोग निव्वळ पाण्याच्या वाफेचे झाले. वरिष्ठांनी विचारलं, झडप गळते का? झडप ठणठणीत होती.

उपाय म्हणून भिंत तापवतात, मंद विद्युत विसर्गाने घासतात, बोरॉन किंवा लिथियमचा पातळ लेप देतात. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या टीएफटीआर यंत्राला लिथियमचा चांगलाच फायदा झाला होता. कार्बनची भिंत सगळ्यांत हावरट: उडालेला कार्बन परत बसताना ट्रिटियमही सोबत गाडतो. म्हणून जेटने २०११मध्ये कार्बन काढून बेरिलियम आणि टंगस्टन बसवलं. ईटरने तर पुढे बेरिलियमही सोडून आतली भिंत टंगस्टनची करायचं ठरवलं.

११. संमीलन घनतेच्या वर्गाने वाढतं ना? मग भरा की हवं तितकं!

तापमान तेच राहिलं तर वाढतं, हे खरं. पण टोकामॅकला घनतेची कमाल मर्यादा आहे. एमआयटीच्या मार्टिन ग्रीनवाल्ड यांनी १९८८मध्ये तिचं सोपं सूत्र दिलं: प्रवाह मेगाअँपिअरमध्ये घ्या, त्याला त्रिज्येच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाने भागा. ईटरसाठी १५ मेगाअँपिअर, २ मीटर त्रिज्या. उत्तर घनमीटरला सुमारे १.२ गुणिले एकावर वीस शून्यं. प्रश्न २मधली घनता याच्या जवळ जाऊन बसते, हे लक्षात आलं असेल. मर्यादा ओलांडली की काठ थंड होतो, प्रवाह आकसतो आणि काही मिलिसेकंदांत प्लाझ्मा कोसळतो.

अपवाद आहेत. ही मर्यादा मुख्यतः काठाच्या घनतेची आहे, त्यामुळे गोळ्यांनी मध्यभागी उंचवटा केला तर सरासरी मर्यादेच्या वर नेता येते. सॅन दिएगोच्या डीथ्री-डी यंत्राने मर्यादेहून सुमारे २० टक्के जास्त घनता आणि त्याच वेळी उत्तम बंदिस्ती (उष्णता धरून ठेवणं) साधल्याचं २०२४मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या एका यंत्राने दहापट घनता गाठल्याची बातमी आली आणि माझा फोन दिवसभर वाजला. ते खरं आहे, पण तो प्लाझ्मा कमी तापमानाचा होता आणि त्याभोवती जाड वाहक भिंत होती. भट्टीला तसाच लागू करता येणार नाही.

१२. जळून उरलेली राख कुठे जाते? नारळाचा काही संबंध आहे का?

आहे! राख म्हणजे हेलियम. तो आधी आपली ऊर्जा प्लाझ्माला देतो, म्हणून हवासा. मग नुसती जागा अडवतो, म्हणून नकोसा. तळाशी डायव्हर्टर नावाची मोरी असते. तिथे काठचे कण वळवून आणतात आणि क्रायोपंप ते ओढून घेतात. ड्युटेरियम-ट्रिटियम अतिथंड पत्र्यावर गोठून चिकटतात. हेलियम साडेचार केल्विनलाही चिकटत नाही. त्याला अडकवायला पत्र्यावर सच्छिद्र कोळसा लावतात, आणि ईटरच्या पंपांसाठी निवडलेला कोळसा नारळाच्या करवंटीचा आहे. इतर कोळशांपेक्षा त्याची बारीक छिद्रं या कामाला सरस ठरली. आमच्याकडे करवंट्या न्हाणीच्या चुलीत जातात.

राखेहून वाईट भेसळ टंगस्टनची. इतक्या जड अणूचे सगळे इलेक्ट्रॉन निघत नाहीत, उरलेले किरणं टाकत राहतात आणि गाभा थंड करतात. लाखात काही अणू एवढंही प्रमाण जड जातं. इंधनाच्या घनतेचा उंचवटा टंगस्टनलाही आत ओढतो, ही ती किंमत. तापमानाचा उतार तीव्र असला तर उलट तो बाहेर ढकलला जातो. म्हणून गाभ्यात सूक्ष्मलहरींनी तापवून खळबळ मुद्दाम जागी ठेवतात.

१३. गोळी प्लाझ्मा विझवायलाही वापरतात, हे खरं?

खरं. प्लाझ्मा कोसळणार असं दिसलं की निऑन मिसळलेली मोठी गोळी तुकडे करून आत फेकायची, म्हणजे उष्णता एका जागी भिंत न जाळता सगळीकडे किरणांनी पसरते. ईटरमध्ये ही व्यवस्था आहे. याखेरीज प्लाझ्माच्या काठाला अधूनमधून होणारे स्फोट लहान गोळ्यांनी मुद्दाम लवकर-लवकर घडवतात, म्हणजे प्रत्येक स्फोट छोटा होतो. हे स्फोट १९८२मध्ये जर्मनीत फ्रिट्झ वाग्नर यांना सापडलेल्या उच्च-बंदिस्ती अवस्थेबरोबर येतात.

१४. असली भट्टी गोव्यात आली आणि बिघडली तर?

इंधन थांबलं की काही सेकंदांत विझते. प्रश्न २मधला आकडा पुन्हा बघा. काळजी साठवलेल्या ट्रिटियमची घ्यायची असते, म्हणून भिंतीत किती मुरलं याची काटेकोर मोजदाद लागते. गोव्यात येण्याचा मात्र कुठलाही बेत माझ्या कानावर नाही.

१५. स्टेलारेटरमध्येही हेच सगळं लागू होतं का?

स्टेलारेटर म्हणजे बाहेरच्या वळणदार चुंबकांनीच प्लाझ्मा बांधणारं टोकामॅकचं भावंड. बरंचसं लागू होतं, दोन मोठे फरक सोडून. तिथे प्लाझ्मात मोठा प्रवाह नसतो, त्यामुळे प्रश्न ११मधलं सूत्र तसंच लागू होत नाही. घनता बरीच वर नेता येते. पण आत ओढण्याऐवजी तापमानाचा उतार कणांना बाहेर ढकलू पाहतो आणि गाभा पोकळ राहायची भीती असते. म्हणून गोळ्यांची गरज तिथे जास्तच. जर्मनीतल्या वेंडेलश्टाइन ७-एक्सने मे २०२५मध्ये ४३ सेकंदांत मिलिमीटरभर आकाराच्या सुमारे ९० गोळ्या मारून दीर्घ प्रयोगाचा विक्रम केला. गोळ्यांमधलं अंतर आधीच ठरवलेलं होतं, आणि ते एकसारखं नव्हतं.

१६. ड्युटेरियम आणि ट्रिटियम नेहमी निम्मे-निम्मेच लागतात का?

पाठ्यपुस्तकात हो. भट्टीतही लक्ष्य तेच. पण जेटचे २०२१ आणि २०२३चे विक्रमी प्रयोग निम्म्या-निम्म्याचे नव्हतेच. प्लाझ्मा ट्रिटियमने भरलेला ठेवला आणि त्यात ड्युटेरियमचा वेगवान झोत मारला, कारण झोतातला कण थेट ट्रिटियमवर आदळला की संमीलनाची शक्यता जास्त.

मिश्रण राखायला कुठल्या वायूची झडप किती उघडायची, हे भिंतीत काय मुरलं आहे त्यावरही ठरतं. काल ड्युटेरियमवर चालवलेलं यंत्र आज शुद्ध ट्रिटियम दिलं तरी भिंतीतून ड्युटेरियमच परत देत राहतं (प्रश्न १०). जेटवर एक सुखद धक्काही बसला: काठाला बदललेलं मिश्रण गाभ्यात अपेक्षेपेक्षा पटकन पोचतं. एकूण घनता हळू बदलते, पण आतल्या आत ड्युटेरियम आणि ट्रिटियम आपली जागा झपाट्याने अदलाबदल करतात. म्हणजे ईटरमध्ये गाभ्यापर्यंत न पोचणाऱ्या गोळ्यांतूनही मिश्रण हातात ठेवता येईल, निदान त्या बाबतीत तरी.